संस्थेत ठेवलं म्हणजे सोडलं का?

(आपल्या गटाच्या शिबिरात केलेल्या मांडणीचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजच्या सत्राला 'दत्तक पालकत्वाचे प्रश्न' असं मोठं नाव दिलं आहे. मी त्यातला एकच प्रश्न घेणार आहे, कारण तो सहसा कुणी घेत नाही. दत्तक घेतलेल्या मुलाचा मानसिक त्रास इतका वाढला की त्याला घरात सांभाळणं अशक्य झालं आणि शेवटी निवासी संस्थेत ठेवावं लागलं, तर त्यानंतर त्याच्या आईबापांनी काय करायचं? समाजकार्याचं शिक्षण संपल्यावर मी आधी काही वर्षं दत्तक संस्थेत काम केलं, आता मुलांच्या मानसिक आरोग्याच्या कामात आहे. त्यामुळे मूल हार घालून, पेढे वाटून घरी नेलं जातं तो दिवस मी पाहिला आहे, आणि दहा वर्षांनी तेच मूल कपड्यांची पिशवी घेऊन दुसऱ्या एका संस्थेच्या दारात उभं असतं तोही पाहिला आहे.

आणि 'आईबाप' हा शब्द मी सवयीने वापरला. त्या दारात मुलाबरोबर उभी असते ती बहुतेक वेळा एकटी आईच असते. म्हणून हा प्रश्न आपल्या व्यासपीठावर आणावासा वाटला.

एका आईची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा बँकेत. मुलगी साडेचार वर्षांची असताना घरी आली. तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, 'धन्य आहेस बाई, पुण्य केलंस.' पहिल्या वर्षी मुलगी उशीच्या अभ्र्यात पोळ्या लपवायची. सगळे हसायचे. आई हसली नाही, तिला कळत होतं की या मुलीचा उद्याच्या जेवणावर विश्वास नाही. पुढे धाकटा मुलगा झाला. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाल्यावर घरातून निघून जाणं, हातावर ब्लेडने ओरखडे काढणं, रात्र रात्र न झोपणं सुरू झालं. औषधं चालू होती, समुपदेशन चालू होतं. आई दोन वर्षं मुलीच्या खोलीच्या उंबऱ्याशी चटई टाकून झोपत होती. एकदा धाकट्याचा गळा दाबला गेला. शेजारीण वेळेवर आली म्हणून निभावलं. त्यानंतर डॉक्टरांनीच सांगितलं की काही काळ चोवीस तास देखरेख असलेल्या ठिकाणी ठेवा.

मुलीला ठेवून आई घरी परतली. मग दोन वाक्यं तिच्या वाट्याला आली. नणंद म्हणाली, 'पोटची असती तर पाठवली असतीस का?' नवरा म्हणाला, 'आपण करायचं तेवढं केलं. आता राहू दे तिला तिथेच.' पहिलं वाक्य दोष देणारं आणि दुसरं धीर देणारं वाटतं, पण दोन्हींच्या पोटात एकच समज आहे. दत्तक मूल हे अटीवर घरात आलेलं असतं, जमलं तर ठेवायचं, नाही जमलं तर बाहेर, आणि बाहेर गेलं की हिशोब संपला. नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. पोटची मुलंही रुग्णालयात ठेवावी लागतात, निवासी शाळेत ठेवावी लागतात. त्यांच्या आयांना निदान 'परत केलीस का?' असं कुणी विचारत नाही.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच, की संस्थेत ठेवणं ही पालकत्वातली एक अवघड पायरी आहे. तिथे पालकत्व थांबत नाही. पण ते आपोआप चालूही राहत नाही, ते चालू ठेवावं लागतं आणि ते काम कष्टाचं आहे. ते कुणी करायचं, त्याला मदत कोण करणार, हा खरा वाद आहे.

आधी 'ही मुलगी अशी का?' याबद्दल थोडं. गावात दोनच उत्तरं असतात. 'कुणाचं रक्त आहे कोण जाणे', नाहीतर 'आईचं कुठेतरी चुकलं'. दुसरं उत्तर काही फक्त गावातलं नाही, शिकल्यासवरल्या मानसशास्त्रानेही ते बराच काळ दिलं. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या विदुषीने स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी कल्पना मांडली (बाईनेच मांडली, हे लक्षात ठेवा). स्वमग्न मुलांच्या आया म्हणे फ्रिजसारख्या थंड असतात, असंही कित्येक वर्षं शिकवलं गेलं. ते पुढे टाकून द्यावं लागलं, पण तोवर किती बायका त्या ओझ्याखाली पिचल्या त्याची मोजदाद नाही.

आज आपल्याला यापेक्षा बरंच जास्त माहीत आहे. १९८९ साली रुमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांचे हाल जगाला दिसले. त्यातली बरीच मुलं इंग्लंडमध्ये दत्तक गेली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या १६५ मुलांचा माग ती पंचविशीजवळ येईपर्यंत ठेवला. ज्यांना सहा महिन्यांच्या आत घर मिळालं ती बव्हंशी इंग्लंडमधल्या इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. सहा महिन्यांहून अधिक काळ अनाथालयात काढलेल्या अनेकांना मात्र चांगलं घर मिळूनही लक्ष न लागणं, अस्वस्थपणा, परक्या माणसाच्याही अंगाला बिलगणं असे त्रास मोठेपणापर्यंत राहिले. त्याच गटात पाचातल्या साधारण एकाला काहीही त्रास झाला नाही. म्हणजे सुरुवातीच्या उपासमारीचा, स्पर्शाच्या उपासमारीचा परिणाम खोल असतो, सगळ्यांवर सारखा नसतो, आणि नंतरच्या आईने कितीही जीव लावला तरी तो दरवेळी पुसला जातोच असं नाही. हे ऐकून ती शिक्षिका माझ्यासमोर बराच वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली, 'हे मला साडेचार वर्षांची पोर हातात देताना का नाही सांगितलं?' प्रश्न रास्त आहे. मूल देताना बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल दिला जातो, पण त्यातल्या चार ओळींचा अर्थ समजावून सांगायला कुणी तास-दीड तास बसत नाही.

आता थोडं आपल्या चळवळीकडे वळते. आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना भिंतीआडच्या संस्थांबद्दल जो संशय आहे तो अनुभवातून आला आहे. नको झालेल्या बायकोला वेडी ठरवून मनोरुग्णालयात टाकलं जातं, हे तुम्हीच आम्हाला दाखवून दिलं. १९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा मी दुसरीत होते. तुमच्यातल्या काहीजणी त्या आंदोलनात होत्या. पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता ठेवता येत नाही, हे तेव्हा कारण देण्यात आलं. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यामुळे 'मुलीला संस्थेत ठेवलं' असं कुणी आई म्हणाली की आपल्याही भुवया वर जातात.

पण त्या आईला आपण नुसता संशय देऊन परत पाठवलं, तर ती मिळेल त्या जागी, मिळेल त्या अटीवर मुलीला ठेवणार. त्यापेक्षा काय मागायचं हे तिला सांगू या. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला. शिरूर आणि एरवाडीच्या बऱ्याच गोष्टी त्यात शब्दांत उतरल्या आहेत. मानसिक आजारावरचा उपाय म्हणून नसबंदी करायला बंदी आहे. साखळीने बांधायला बंदी आहे. सक्तीने डोकं भादरता येत नाही, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर संस्थेचा गणवेश लादता येत नाही. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू देणं बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलाला विजेचे झटके द्यायलाही बंदी आहे, अपवाद करायचा तर पालकाची संमती आणि पुनर्विलोकन मंडळाची आगाऊ परवानगी दोन्ही हवीत. अल्पवयीन मुलाला दाखल करण्याआधी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. दाखल केल्यावर ७२ तासांच्या आत मंडळाला कळवायचं, मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर पुन्हा कळवायचं, आणि मग मंडळाने दर ३० दिवसांनी आढावा घ्यायचा.

गोम अशी, की बऱ्याच जागा स्वतःला 'निवासी शाळा', 'वसतिगृह', 'संस्कार केंद्र' म्हणवतात आणि हा कायदा आपल्याला लागू नाही म्हणतात. म्हणून फी किती हे विचारण्याआधी 'तुमची नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे?' हे विचारायचं. मानसिक आजार असलेल्यांना ठेवून उपचार किंवा पुनर्वसन करत असाल तर मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागते. कागद दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्याकडे मूल ठेवू नका, इमारत कितीही छान असो.

या शिक्षिकेने ज्या संस्थेत मुलीला ठेवलं ती तशी वाईट नव्हती. पण तिथे एक नियम होता, 'पहिले तीन महिने भेटायचं नाही, फोन नाही, म्हणजे मुलाला सवय होते.' हा नियम अनेक ठिकाणी आहे. आईबापांना वाटतं तज्ज्ञ सांगतात म्हणजे बरोबरच असणार. जरा त्या मुलीच्या जागी बसून बघा. आयुष्यात एकदा तिला एका बाईने कुठेतरी ठेवलं होतं आणि ती बाई परत आली नव्हती. आता दुसऱ्या बाईने कुठेतरी ठेवलं आहे आणि तीन महिने आवाज नाही. तिला याची सवय आहेच, तेच तर तिचं दुखणं आहे! तीन महिन्यांत ती शांत झाली असं संस्थेला वाटलं. मला ती शांत वाटली नाही, तिने आशा सोडली होती. भेट आणि फोन हा दाखल झालेल्या माणसाचा हक्क आहे, असं त्याच २०१७ च्या कायद्यात लिहिलं आहे. मुलगी वॉर्डात नीट वागली म्हणून द्यायचं ते बक्षीस नाही आणि ओरडली म्हणून काढून घ्यायची शिक्षाही नाही. आम्ही ते कलम छापून घेऊन गेलो आणि अधीक्षकांशी बोललो. नियम बदलला नाही, पण या मुलीपुरता दर बुधवारी फोन आणि पंधरा दिवसांनी रविवारी भेट एवढं ठरलं.

मग प्रत्यक्ष काय करायचं? वार आणि वेळ ठरलेली हवी, आणि ती पाळायची. बस चुकली, पाऊस आला, घरात लग्न आहे, काहीही असो. जमणारच नसेल तर आधी कळवायचं, दुसरा दिवस सांगायचा. पहिल्या चार रविवारी ही मुलगी खोलीबाहेरच आली नाही. आई साडेतीन तास एसटीने जायची, दोन तास व्हरांड्यात बसायची, परत यायची. लोक म्हणाले, कशाला जातेस? पण मुलगी खिडकीतून बघत होती की ही बसली आहे का. पाचव्या रविवारी आली, तीही भांडायला.

खाऊचा मोठा डबा, नवे कपडे असं काही नेऊ नका असं मी सांगते. आपला अपराधीपणा हलका करायचा असतो म्हणून आपण ते नेतो, मुलाला ते बरोबर कळतं. त्यापेक्षा घरातल्या साध्या गोष्टी सांगा. गच्ची गळते आहे, धाकट्याचा दात पडला. तिच्या कपाटाला हात लावू नका. या घरात एकदा दिराने सुचवलं होतं की खोली रिकामीच आहे तर पुतण्याला अभ्यासाला द्या. आई नाही म्हणाली आणि त्यावरून महिनाभर अबोला झाला. मला वाटतं, त्या महिन्यात तिने मुलीसाठी जे केलं ते कुठल्याही समुपदेशनाच्या तोडीचं होतं.

दत्तक असल्याचं मुलाला माहीत नसेल तर संस्थेत ठेवण्याआधी सांगितलंच पाहिजे. प्रवेशाच्या फॉर्मवर घराण्यातल्या आजारांचा इतिहास विचारतात. तिथे 'दत्तक, माहिती नाही' असं लिहिलं जातं, फाईल दहा हातांतून जाते आणि एखाद्या दिवशी रागाच्या भरात कुणीतरी बोलून जातं. आईच्या तोंडून कळणं आणि वॉर्डात कळणं यात फार अंतर आहे.

संस्थेतल्या मावश्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मुलीला रात्री घाबरं होतं तेव्हा पाठीवरून हात फिरवणारी मावशी असते, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतात. या मावशीला पगार तुटपुंजा, पाळ्या बारा-बारा तासांच्या, प्रशिक्षण जवळपास नाहीच. मुलीने चावा घेतला तर इंजेक्शन स्वतःच्या पैशाने घेणाऱ्या मावश्या मी पाहिल्या आहेत. अशा नोकरीत त्या टिकत नाहीत, आणि मावशी सोडून गेली की या मुलांचं पुन्हा एक माणूस जातं. त्यामुळे मावशीचा पगार हा मला उपचाराचाच भाग वाटतो. आणि आयांनाही एक सांगायचं आहे. मुलगी मावशीच्या गळ्यात पडली की पोटात कालवतं. शिक्षिकेलाही कालवलं. ती म्हणाली, 'माझ्या अंगाला दोन वर्षांत हात लावू दिला नाही, आणि हिच्या मांडीवर डोकं ठेवते.' मी म्हटलं, ताई, एका माणसावर विश्वास टाकता येतो हे ती शिकते आहे, ते तुमच्यापर्यंतही येईल. येईलच याची हमी मी दिली नाही, देता येत नाही. त्यांनी पुढच्या वेळी मावशीसाठी शेंगदाण्याची चटणी नेली. तेव्हापासून मुलीची खरी खबर फोनवर मावशीकडूनच मिळू लागली.

आता बापाकडे येऊ. दाखल करताना सही कुणाची, असा प्रश्न आला. आई म्हणाली माझी. कार्यालयातले म्हणाले वडिलांची लागेल. हे कुठून येतं? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात लिहिलं आहे की दत्तक मुलाचं नैसर्गिक पालकत्व दत्तक पित्याकडे आणि त्याच्यानंतर दत्तक मातेकडे जातं. त्या कलमात उल्लेख दत्तक पुत्राचाच आहे, मुलीचा नाहीच. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पालकत्वाच्या शेजारच्या कलमातल्या 'पित्यानंतर' या शब्दाचा अर्थ 'पित्याच्या अनुपस्थितीत' असाही होतो, असं सांगितलं. पण खिडकीपलीकडच्या कारकुनापर्यंत ते अजून पोहोचलेलं नाही. २०१० पर्यंत तर विवाहित हिंदू बाईला दत्तक कायद्याखाली स्वतःच्या नावाने मूल दत्तक घेता येत नव्हतं, नवऱ्याने घ्यायचं आणि हिने संमती द्यायची. म्हणजे सही बापाची, आणि रविवारची एसटी आईची.

कायदा चांगला असला तरी त्याचं ओझं कुणावर पडतं तेही बघा. २०१७ चा कायदा म्हणतो, अल्पवयीन मूल दाखल असेल तोवर त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ मुलाबरोबर राहायचं, आणि मुलगी असून प्रतिनिधी पुरुष असेल तर बाईने राहायचं. मुलीच्या सुरक्षिततेसाठी हे हवंच. पण रजा कुणाची जाते? राज्य सरकारने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली ती महिला कर्मचाऱ्यांना. पुरुषाला कधी, तर पत्नी नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तेव्हा. धडधाकट बायको घरात असताना बापाने मुलासाठी रजा घ्यावी, हे सरकारच्या कल्पनेत बसत नाही. आणि ज्या बाईला नोकरीच नाही, जी चार घरची धुणीभांडी करते, तिने तर काम सोडायचं. या मागणीत आपण बापांनाही ओढलं पाहिजे.

दुसरी मागणी पाठपुराव्याची. दत्तक दिल्यावर दर सहा महिन्यांनी असा दोन वर्षं पाठपुरावा होतो. पण त्रास सुरू होतो तो बऱ्याचदा दहाव्या, बाराव्या वर्षी, आणि तेव्हा विचारायला दत्तक संस्थेचं दार बंद असतं. 'फाईल बंद झाली' असं उत्तर मिळतं. मग काही घरं चोरवाट काढतात. हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे वैध दत्तक रद्द करता येत नाही, आणि बालन्याय कायद्याखालचा आदेश रद्द करायला अर्ज, चौकशी, लोकांची तोंडं. त्यापेक्षा मुलाला लांबच्या निवासी शाळेत टाकायचं, फी भरत राहायचं आणि जायचं बंद करायचं. कागदावर आईबाप आहेत, त्यामुळे बाल कल्याण समितीलाही काही दिसत नाही. अशी मुलं मला भेटतात. दिवाळीला सगळ्यांना न्यायला येतात, यांना कुणी येत नाही. फी मात्र वेळेवर येते.

या आईबापांना गुन्हेगार ठरवून मुलाचं भलं होणार नाही. दत्तक संस्थांनी मूल १८ वर्षांचं होईपर्यंत सल्ला द्यायला बांधील असावं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांच्या मानसोपचाराची सोय असावी. याच कायद्याने मुलांसाठी वेगळ्या मानसिक आरोग्य सेवा देणं सरकारवर बंधनकारक केलं आहे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. नांदेडच्या किंवा नंदुरबारच्या आईने कुठे जायचं? मूल घरापासून दोनशे किलोमीटरवर ठेवावं लागतं म्हणूनही नाती तुटतात. घराजवळ दिवसाची देखरेख, आठवड्यातले दोन दिवस विसावा, एवढं असतं तर यातली निम्मी मुलं घरीच राहिली असती, असं माझं मत आहे.

ती मुलगी आता सोळा वर्षांची आहे. दीड वर्ष तिथे राहिली. आधी एक दिवस, मग तीन दिवस, मग गणपतीत आठवडाभर अशी घरी येत गेली. एका सुट्टीत पुन्हा ब्लेड सापडलं, आणि ती चार दिवस आधीच परत गेली. पण जाताना आईने पुढच्या सुट्टीची तारीख कॅलेंडरवर तिच्यासमोर लिहिली. सध्या घरी आहे, औषधं चालू आहेत, दहावीला बाहेरून बसणार आहे. बापाशी बोलत नाही. आई म्हणते, 'पुन्हा ठेवावी लागली तर ठेवीन, आता मला जायचा रस्ता माहीत आहे.'

ज्यांच्या घरी किंवा ओळखीत असा प्रश्न आहे त्यांच्यासाठी आपण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसतो. नाव-गाव विचारत नाही. दाखल करण्याआधी संस्थेला विचारायच्या प्रश्नांची यादी तिथे मिळेल, आणि पहिल्या भेटीला सोबत हवी असेल तर आमच्यापैकी कुणीतरी येतं. मध्यरात्री अडचण आली तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं. शनिवारी येताना मुलाच्या वडिलांनाही घेऊन या. गेल्या वेळी दोघे आले होते.